पेशीकेंद्रकातील डीएनएची बांधणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाडा हे पेशवाईचे सत्ताकेंद्र होते. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आढळतात. बांधणी विस्कळीत झाली, की हवा असलेला कागद असूनही नसल्यासारखा होतो. पेशीपुढेही हाच प्रश्न असतो. मानवी पेशीतील सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात सामावतो. तरीही आवश्यक जनुक योग्य वेळी वाचले जाते.

या कोड्याची उकल संथपणे झाली. १८६९ मध्ये मीशर यांनी पुवातील पेशींपासून ‘न्यूक्लीन’ वेगळे केले. १८८४ मध्ये कोसेल यांनी हिस्टोन प्रथिनांचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ हिस्टोन म्हणजे निव्वळ वेष्टन, असे मानले गेले. आठ हिस्टोन रेणूंभोवती डीएनएची गुंडाळी असते, हे प्रतिपादन रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये केले. या ‘न्यूक्लिओसोम’ची सूक्ष्म रचना १९९७ मध्ये स्पष्ट झाली : १४६ बेसजोड्या, सुमारे १.६५ वेढे.

पुढील टप्प्यात पुण्याचाही वाटा आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे व सहकाऱ्यांनी डीएनएचे फास बांधून ठेवणाऱ्या ‘सॅटबी-१’ प्रथिनाचा अभ्यास केला. त्यावर फॉस्फेट गट जोडला गेला, की जनुकांवरील त्याचा प्रभाव पालटतो, हे त्यांनी २००६ मध्ये दाखविले.

सारांश, ही बांधणी केवळ साठवण नसून जनुकांच्या कारभाराचेच अंग होय. मजकूर तोच राहतो; कोणता रुमाल केव्हा सोडावयाचा, यावर पेशीचे स्वरूप ठरते.