चौकोनी कंसातले भेंडे

‘बॉम्बे रक्तगट’ हा मुंबईत सापडलेला रक्तगट. या गटाच्या माणसाचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसतं, पण त्याला ‘ओ’ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. ‘ओ’च्या तांबड्या पेशींवरसुद्धा असणारा ‘एच’ नावाचा घटक त्याच्याकडे नसतो, आणि त्याचं शरीर त्या घटकाविरुद्ध लढायला उठतं. मला या शोधाचा मूळ लेख पाहायचा होता. पबमेड उघडलं, ‘बॉम्बे’ टाइप केलं, पुढे चौकोनी कंसात ‘टीआय’ लिहिलं. याचा अर्थ, हा शब्द फक्त शीर्षकाच्या रकान्यात शोध. लेख भरपूर आले. मूळ लेख त्यांत नव्हता.

तो १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पहिलं नाव भेंडे, मग देशपांडे आणि भाटिया, पुढे लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. शीर्षकात म्हटलंय ते एवढंच, की एबीओ व्यवस्थेशी नातं असलेलं एक ‘नवं’ रक्तगट-लक्षण. ‘नवं’ हा शब्दही अवतरणात, जपून. बॉम्बेचा पत्ता नाही.

मग सारांशाचा रकाना? या भांडारात सारांश साठवायला सुरुवात झाली १९७५ पासून. लेखकाच्या पत्त्याचा रकाना? तो १९८८ पासून, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथे फक्त पहिल्या लेखकाचाच पत्ता नोंदवत. म्हणजे १९५२चा मुंबईचा लेख मुंबई या शब्दाने सापडायचं दारच नाही. ‘भेंडे वाय एम’ लिहून पुढे लेखकाचा ‘एयू’ लावला की मात्र तो क्षणात समोर येतो. थोडक्यात, ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच ते मिळतं.

हे रकाने कोणी आखले, याचं कुतूहल मला तेव्हापासून लागलं. त्याचं मूळ जातं जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी शल्यविशारदाकडे. यादवी युद्धानंतर लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली. ते ग्रंथालय बरीच वर्षं वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स थिएटरच्या इमारतीत होतं. लिंकनला गोळी घातली तेच हे थिएटर. बिलिंग्जने नुसती पुस्तकांची यादी केली नाही. नियतकालिकांतला एकेक लेख वेगळा धरून त्याची नोंद करायची, असं त्याने ठरवलं. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचरला सोबत घेऊन त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केलं: जगभरच्या नव्या वैद्यकीय लेखांची विषयवार यादी. मासिकाचे पैशांचे हाल सतत होते. १८९९ मध्ये ते बंद पडलं आणि १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या आधाराने पुन्हा उभं राहिलं. (जनगणनेची मोजदाद यंत्राने करता येईल, हेही बिलिंग्जनेच हॉलेरिथ नावाच्या तरुण अभियंत्याला सुचवलं होतं. त्या हॉलेरिथची भोकं पाडलेली कार्डं १८९० च्या अमेरिकी जनगणनेत वापरली गेली आणि त्याचा धंदा पुढे आयबीएमच्या पोटात गेला. माणूस एकच, पण दोन्हीकडे त्याची बोटं आहेत.)

संगणक आला तो १९६४ मध्ये, ‘मेडलार्स’ या नावाने. गंमत म्हणजे त्याचं मुख्य काम शोध घेणं नव्हतंच, ‘इंडेक्स मेडिकस’ वेळेवर छापणं हे होतं. छापायचं म्हणजे यंत्राला कळायला हवं की हे शीर्षक, हे लेखकाचं नाव, हे नियतकालिक, हा विषयशब्द. आपण आज कंसात लिहितो ते रकाने असे छपाईच्या सोयीतूनही घडले. शोध हवा असेल त्याने मागणी पाठवायची, तिथला प्रशिक्षित माणूस ती यंत्राच्या भाषेत मांडणार आणि छापील यादी टपालाने येणार. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’मुळे ग्रंथालयांतून थेट विचारता येऊ लागलं, आणि जून १९९७ मध्ये पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर उद्‌घाटनाला होते.

मधला दुवा गेला, तो सोयीचाच होता. पण त्या मधल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असायची, की हे भांडार कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

२००१ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या संशोधनासाठी एक प्रयोग चालू होता. २४ वर्षांची एक निरोगी तरुणी त्यात स्वेच्छेने सहभागी झाली. तिला हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासातून दिलं गेलं. १९५० च्या दशकात ते उच्च रक्तदाबावर वापरत असत, पुढे मागे पडलं. तिला खोकला सुरू झाला, फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती वारली. संशोधकांनी आधी पबमेड आणि काही ठरावीक ग्रंथ पाहिले होते. पण पबमेड तेव्हा १९६६ च्या मागे जात नव्हतं. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या अपायाबद्दलचे लेख १९५० च्या दशकातले होते, छापील ‘इंडेक्स’च्या जाड खंडांत, कपाटात. जुलैमध्ये सरकारने तिथलं केंद्राच्या पैशावर चालणारं माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन थांबवलं. काही दिवसांनी अटींवर पुन्हा सुरू होऊ दिलं.

एका मृत्यूचं खापर एका शोधखिडकीवर फोडणं मला पटत नाही. चौकशीत परवानगी आणि देखरेखीच्या इतरही चुका निघाल्या. पण त्या खिडकीने ‘माझ्याकडे नाही’ आणि ‘जगात नाही’ यांतला फरक सांगितला नव्हता, हेही खरं. आता १९४६ पर्यंतच्या जुन्या नोंदी पबमेडमध्ये आल्या आहेत. हेक्झामेथोनियम शीर्षकात आणि वर्ष १९५० ते १९६० असं दिलं, की त्या काळातल्या लेखांची यादी समोर येते.

तरी शब्दांचा पेच उरतोच. हेक्झामेथोनियमच्याच काळात मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेवर काम करत होते. रक्तदाबावरच्या त्यांच्या चाचणीचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. आज तरुण डॉक्टर ‘रेसरपिन’ शब्दाने शीर्षकं शोधेल तर वकील त्याला भेटणार नाहीत. रेसरपिन सर्पगंधेतून वेगळं काढलं गेलं ते १९५२ मध्ये. म्हणजे वकिलांनी लिहिलं तेव्हा तो शब्दच जन्मला नव्हता. अशा वेळी विषयशब्दांचा रकाना, ‘एमएच’, कामी येतो. त्यात लेखकाने काय शब्द वापरला याला महत्त्व नसतं, नोंद करणाऱ्याने लेख कशाबद्दल आहे असं ठरवलं याला असतं. कंस न लावता नुसता शब्द टाकला तर पबमेड आपणहून त्याला अशा विषयशब्दाशी जोडून पाहतं. कंस लावला की ही मदत बंद होते. मी भेंड्यांना हुडकताना नेमकं हेच केलं होतं.

आणि लेखकाचा रकाना? तिथे आडनाव आणि आद्याक्षरं. पूर्ण नावं साठवायला सुरुवात २००२ पासून. ‘पाटील एस’ लिहून पाहा, अख्खा जिल्हा उभा राहील. आपल्याकडे मधलं अक्षर बापाचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरबाईंचं आडनावही जातं आणि मधलं अक्षरही. उरतं पहिलं अक्षर, तेही सासरच्यांनी नाव बदललं नसेल तर. तिचे लग्नाआधीचे लेख त्या रकान्यात दुसऱ्याच कुणा बाईचे होतात. बिलिंग्जच्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांना ही अडचण सुचण्याचं कारणच नव्हतं.

भेंड्यांच्या नोंदीवर मी अजून अधूनमधून जातो. सात नावं, एक शीर्षक, खंड, पान. सारांशाची जागा रिकामी.