काळू-बाळूचा फड

१. फलटणच्या रामयात्रेच्या वर्णनात लेखकाने ओझरता उल्लेखलेला हा फड सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्याचा. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा आणि तिसऱ्या पिढीत लहू व अंकुश हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाचे हवालदार रंगवले आणि भूमिकांची नावे आयुष्यभर त्यांना चिकटली. दोघे दिसायला इतके सारखे, की आत कोण गेला आणि बाहेर कोण आला हे प्रेक्षकाला उमगेपर्यंत पुढचा विनोद येऊन आदळे. या हशामागे घरची तालीम होती. गण, गौळण, बतावणी, वग हे सारे शिकवणारी शाळा नव्हती. फडातले मूल ढोलकी-हलगीचा ठेका आणि सुरत्यांची ‘जी जी’ ऐकतच मोठे होई. अमेरिकेत गॅरी गावच्या जॅक्सन भावंडांचा सोल आणि फंक गाणारा संच १९६९ मध्ये मोटाउन कंपनीच्या तबकडीवरून जगभर पोहोचला. त्यामागेही बापाने घरात घेतलेली कडक तालीमच होती. कवलापूरकरांनी मात्र नाव कमावले ते गावोगावच्या जत्रांत, तंबू ठोकून. तमाशाचा इतिहास लिहिताना या जोडीची गणना केवळ सोंगाड्यांत करणे अपुरे आहे. तीन पिढ्या टिकलेल्या घराण्याचे वारस म्हणूनच त्यांची नोंद व्हायला हवी. — संपा.