महाराष्ट्रातील खासगी विमानबांधणी : आख्यायिका आणि आधार

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, अशी आख्यायिका आहे. तिला निर्विवाद समकालीन पुरावा मात्र नाही. तिच्याशी जोडला जाणारा ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली काढला.

याउलट, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली. चाचणी-उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली.

सारांश, विमान बांधू पाहणाऱ्याने संदर्भग्रंथाचे मोल त्याच्या प्राचीनतेवरून नव्हे, तर त्यातील आराखडे, आकडेमोड व चाचण्यांच्या नोंदी पडताळून ठरविणे आवश्यक ठरते.