हवेतली सरहद्द

पांढुर्ण्याच्या दूरध्वनीचा सांकेतिक क्रमांक ०७१६४, सौंसरचा ०७१६५, छिंदवाड्याचा ०७१६२. आता नागपूर पाहा : ०७१२. वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, आणि आमच्याच मध्य प्रदेशातले बैतूल ०७१४१. सगळी मंडळी ०७१च्या एकाच घरातली. भोपाळ ०७५५ आणि जबलपूर ०७६१ ही शेजारची घरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रांताची वाटणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, बैतूल, बालाघाट भोपाळच्या पदरात राहिले. एस. टी. डी.चे हे क्रमांक त्यानंतर कितीतरी वर्षांनी पडले. तरी ते राज्याच्या नकाशावरून पडले नाहीत. कोणत्या गावाची तार कोणत्या मोठ्या ट्रंक एक्स्चेंजला जाऊन मिळते, त्यावरून पडले. तारेने जुनी सोयरीक सांभाळली म्हणायची. ती मोडली बिनतारीने, आणि ती कशी मोडली हे जाणण्याजोगे आहे.

बिनतारीची गोष्ट तशी उलट व्हायला हवी होती. तार खांबाखांबाने जाते, तिला अडवता येते. लहरीला कोण अडवणार? आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा नागपूर ही आमचीच राजधानी होती. आठ वर्षांनी राजधानी बदलली, पण नागपूरच्या मध्यमलहरी काही भोपाळला विचारून मागे वळल्या नाहीत. मराठी बातम्या, शेतीचे कार्यक्रम, कीर्तने सौंसरच्या अंगणात येतच राहिली. ज्या घरातल्या मुलांनी शाळेत हिंदी गिरवली, त्यांच्या कानांवर प्रमाण मराठी पडली ती बरीचशी या डब्यातून. हा हिशेब कोणत्या भाषा-आयोगाने मांडल्याचे मला ठाऊक नाही.

सरकारची मालकी मात्र तेव्हाही होती. तारेचा कायदा १८८५ चा, बिनतारी यंत्रांचा १९३३ चा. जुन्या वाचकांना आठवत असेल, घरच्या रेडिओचेसुद्धा परवान्याचे पुस्तक असे आणि पोस्टात जाऊन दरसाल फी भरावी लागे. ऐंशीच्या दशकात ती कटकट संपली. कोणत्या खात्याने कोणती लहर वापरायची, हे ठरवण्यासाठी दिल्लीत १९५२ पासून स्वतंत्र शाखा आहे. लष्कर, रेल्वे, पोलीस, विमानतळ, आकाशवाणी असे मोजके भाडेकरू होते आणि सगळे सरकारीच. भाड्याचा प्रश्न येत नव्हता.

तो आला १९९४ च्या दूरसंचार धोरणाने. त्याच वर्षी चार महानगरांचे मोबाईल परवाने दिले गेले, आणि ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातल्या मोबाईलचा श्रीगणेशा केला. उरलेल्या देशाची परिमंडळे, म्हणजे आपल्या बोलीतले सर्कल, पाडली गेली. ती पाडताना तारा कुठे जातात ते कोणी पाहिले नाही. राज्यांच्या सीमा घेतल्या. महाराष्ट्राच्या परिमंडळात गोवा आला आणि मुंबई वेगळी राहिली. ते अ वर्गात. मध्य प्रदेश ब वर्गात. प्रत्येक ठिकाणी दोन कंपन्या. महाराष्ट्रात बिर्ला ए. टी. अँड टी. आणि बी. पी. एल., आमच्याकडे आर. पी. जी. आणि रिलायन्स. पलीकडचे नंबर ९८२२० नि ९८२३० ने सुरू होत, आमचे ९८२६० नि ९८२७० ने. सोयरीक तुटली ती इथे. २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले, परिमंडळ मात्र एकच राहिले. म्हणजे मोबाईलच्या लेखी शेकडो कोस दूरचे रायपूर हे आमचे घर, आणि सौंसरहून तासाभराच्या आत गाठता येणारे सावनेर हे परगाव!

याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी थोडे लहरींचे गणित पाहावे लागेल. सुरुवातीच्या परवान्यांत कंपनीला ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक असे जास्तीत जास्त ४.४ मेगाहर्ट्‌झचे दोन तुकडे मिळत. जी. एस. एम. पद्धतीत एका वाहिनीला ०.२ मेगाहर्ट्‌झ लागतात, म्हणजे अवघ्या बावीस वाहिन्या. एकेकीवर आठ जणांची पाळीपाळीने सोय. शेजारच्या मनोऱ्यावर तीच वाहिनी लावली तर दोन्हींचा गोंगाट होतो, म्हणून या बावीस वाहिन्या ओलिताच्या पाळ्यांसारख्या मनोऱ्या-मनोऱ्यांत वाटाव्या लागतात. ज्याला पाटाचे पाणी वाटून घ्यायची सवय आहे, त्या आपल्या संत्रा बागाईतदाराला स्पेक्ट्रमचे नियोजन अर्ध्या तासात समजेल. गरीब देशाची अडचण अशी की एकीकडे लष्कराने मोठा वाटा धरून ठेवलेला, दुसरीकडे स्पर्धा हवी म्हणून कंपन्या वाढवलेल्या. प्रत्येकाच्या वाट्याला आली ती चिंधी. चिंधीवर काम भागवायचे तर मनोरे जास्त लागतात, आणि मनोरे जास्त म्हणजे खर्च जास्त.

आणि मनोऱ्याची लहर परवान्याच्या रेघेवर येऊन थांबत नाही. मोकळ्या रानात ९०० मेगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, जी. एस. एम.ची घडणच अशी की साधारण ३५ किलोमीटरपर्यंत ती फोन सांभाळू शकते. सातपुड्याच्या उतारावरच्या आमच्या भागात तर डोंगर एखाद्या मनोऱ्याला आडवा येतो आणि दुसऱ्याला खांदा देतो. फोन बिचारा अडाणी. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. लोधीखेड्याकडच्या शेतात उभे राहून फोनवर महाराष्ट्राचे नाव उमटले, की शेतकरी स्वतःच्या धुऱ्यावर उभा राहून परप्रांतात गेला. त्याला म्हणायचे रोमिंग. जाम नदीच्या दोन्ही काठांनी गोटमारीत दगड इकडून तिकडे जातात, तेव्हा निदान कोणी आकार तरी लावत नाही.

हा आकार भरला कोणी? १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले, पण आपल्या परिमंडळात. काटोल-नरखेडला दिलेली लेक, वरूडची मावशी, नागपूरच्या दवाखान्यात पेशंटजवळ बसलेला भाऊ, कळमन्याच्या बाजारात माल घेऊन गेलेला बाप, हे सगळे आमचे जवळचे लोक आणि कंपनीच्या वहीत परराज्यातले. नागपुरात आमचा फोन वाजला की उचलण्याचेही पैसे. म्हणून एक घंटी म्हणजे पोचलो, दोन घंट्या म्हणजे डॉक्टर आले, असली सांकेतिक भाषा घरोघर तयार झाली. ज्यांना परवडले त्यांनी नागपूरचा दुसरा नंबर ठेवला. २००५ साली मुंबई व महाराष्ट्र, कलकत्ता व पश्चिम बंगाल अशा जोड्यांमधले कॉल एकाच परिमंडळातले मानले गेले. राज्य एक होते म्हणून त्यांची सोय झाली. आपली दोन राज्ये, त्यामुळे आपण त्या यादीत नव्हतो.

हवेचा मालक कोण, याचे उत्तर तोपर्यंत देऊन झाले होते, आणि ते एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीतून आले. १९९३ च्या हिरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांचे भांडण झाले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांनी त्या निकालात सांगितले, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक अधिकारिणीने नियंत्रित करावा. निकाल क्रिकेटचा, पण पुढे स्पेक्ट्रमच्या प्रत्येक वादात तो उघडावा लागला.

सार्वजनिक मालमत्तेची किंमत मात्र रेघ ओलांडली की बदलते. २००१ साली चौथ्या मोबाईल परवान्याची बोली लागली. महाराष्ट्र गेला १८९ कोटींना, मध्य प्रदेश १७ कोटी ४५ लाखांना. घेणारी कंपनी दोन्हीकडे एकच, भारती. जवळजवळ अकरापट फरक! २०१० च्या थ्री-जी लिलावात महाराष्ट्राचा भाव सुमारे १२५८ कोटी, मध्य प्रदेशाचा २५८ कोटी. कारण उघड आहे : पुणे, नाशिक, नागपूरचे गिऱ्हाईक एकीकडे, विरळ वस्तीची जंगले दुसरीकडे. पण सौंसर आणि सावनेर यांच्या गिऱ्हाइकात असा काय फरक? एकच बोली, एकच पीक, एकच बाजार.

या दोन लिलावांच्या मधले प्रकरण सर्वांना माहीत आहे. जानेवारी २००८ मध्ये १२२ परवाने २००१ च्याच भावाने वाटले गेले. २०१० साली महालेखापरीक्षकांनी १ लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य तोट्याचा आकडा मांडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व परवाने रद्द केले. आणि २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. दिल्लीत या आकड्यावर रणे माजली. तो आकडा खरा की फुगवलेला, यावर अजून पुस्तके निघतील. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती परवान्यातली एक बारीक अट. २००१ च्या परवान्यात कंपनीने पहिल्या वर्षी दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांत, किंवा त्यांच्याऐवजी दुसऱ्या शहरांत, सेवा पोचवायची होती. मोजमापाचे एकक जिल्ह्याचे गाव. तहसिलीच्या गावाला, मग ते रेल्वेच्या मुख्य मार्गावर का असेना, या मोजणीत स्वतःचा असा हक्क नव्हता. स्वस्तात गेलेल्या परिमंडळाच्या कडेचा तालुका म्हणजे पंगतीच्या शेवटचे पान.

पुढे गाठी हळूहळू सुटल्या. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता परिमंडळ बदलता येऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंगच्या आकाराविनाच आली आणि २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही तो सोडला. म्हणजे २००३ पासून धरले तरी चौदा वर्षे सीमाभागातल्या कुटुंबांनी आपल्याच माणसांशी बोलण्याचा जादा दाम मोजला, तोही कोणत्या आंदोलनाचा विषय न होता.

परिमंडळे मात्र जागच्या जागी आहेत. २०२२ चा फाइव्ह-जीचा लिलावही याच बावीस तुकड्यांवर झाला. रायपूर अजून आमच्याच तुकड्यात आहे आणि सावनेर पलीकडच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसरला सोबत घेऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. २००१ च्या त्या अटीतला मान आता गावाला मिळाला.