युगांडातील आशियाई समाजाचे लेस्टरमधील पुनर्वसन

लेस्टर हे इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विभागातील मध्यम आकाराचे औद्योगिक शहर आहे. १९७२ साली युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी देशातील आशियाई वंशाच्या लोकांना हद्दपार केले. त्यांपैकी ब्रिटनमध्ये आलेले हजारो लोक लेस्टरमध्ये स्थायिक झाले. शहराच्या नगर परिषदेने त्यांना येऊ नये असे जाहीरपणे सांगितले होते आणि केंद्रीय धोरणही त्यांना अन्यत्र पाठवण्याचे होते. तरीही घडून आलेले हे स्थलांतर निर्वासितांच्या पुनर्वसनाचे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीने १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर असा लोहमार्ग बांधला. या कामासाठी मुख्यतः पंजाबातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांच्यामागोमाग व्यापारी, कारकून व शिक्षक पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांत गुजराती भाषकांचे प्रमाण मोठे होते. १९६२ मध्ये युगांडा स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील व्यापाराचा मोठा भाग या समाजाच्या हाती होता.

४ ऑगस्ट १९७२ रोजी अमीन यांनी हद्दपारीची घोषणा केली आणि देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. घरे, दुकाने व कारखाने मागे टाकून, सोबत सुमारे ५० पौंड एवढीच रक्कम घेऊन कुटुंबांना निघावे लागले. ब्रिटिश पारपत्र असलेले सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. इतर अनेकांनी कॅनडा, भारत आदी देशांत आश्रय घेतला.

नगर परिषदेची जाहिरात

१९६०च्या दशकाच्या अखेरीस केनियातून आलेली अनेक आशियाई कुटुंबे लेस्टरमध्ये आधीच राहत होती. घरे, शाळा व आरोग्यसेवा यांवर ताण पडत असल्याचे कारण देऊन नगर परिषदेने सप्टेंबर १९७२ मध्ये युगांडातील 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात दिली. स्वतःच्या व कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता. या जाहिरातीचा परिणाम काही प्रमाणात उलटाच झाला. लेस्टरमध्ये आपले लोक मोठ्या संख्येने आहेत, हे आपल्याला या जाहिरातीतूनच समजले, असे काही स्थलांतरितांनी पुढे सांगितले आहे.

छावण्या आणि विखुरण्याचे धोरण

ब्रिटिश सरकारने स्थापन केलेल्या युगांडा पुनर्वसन मंडळाने वापरात नसलेल्या लष्करी तळांवर व अन्य ठिकाणी १६ छावण्या उघडल्या. मंडळाने देशाचे 'लाल' व 'हिरवे' असे विभाग केले. आधीच ताण असलेली शहरे लाल विभागात मोडत व निर्वासितांनी तेथे जाऊ नये अशी अपेक्षा असे. हिरव्या विभागांत त्यांना घरे देऊ केली जात. लेस्टरचा समावेश लाल विभागात होता.

सक्ती नसल्यामुळे अनेक कुटुंबांनी हा सल्ला मानला नाही. अनोळखी गावातील सरकारी घरापेक्षा नातलगाच्या घरातील एक खोली त्यांना अधिक आधाराची वाटली. नोकरीची माहिती, मुलांचा शाळाप्रवेश, कार्यालयांतील अर्ज आणि रोजचा शिधा या सर्व बाबतींत आधी आलेल्या आप्तांचा उपयोग होई.

निवास व रोजगार

बेलग्रेव्ह व हायफील्ड्स या भागांत एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या, एकमेकींना लागून असलेल्या घरांच्या रांगा होत्या. ही जुनी घरे तुलनेने स्वस्त होती. नातलगांनी पैसे एकत्र करून घर विकत घेणे व काही काळ दोन-तीन कुटुंबांनी एकाच छताखाली राहणे ही सर्वसाधारण पद्धत होती.

लेस्टरमध्ये होजिअरी, पादत्राणे व यंत्रनिर्मितीचे कारखाने होते. युगांडात स्वतःचा व्यवसाय असलेले वा शिक्षकी पेशातील अनेक जण येथे कामगार झाले. तेथे कधीही नोकरी न केलेल्या स्त्रियाही शिलाईयंत्रांवर बसू लागल्या. कौटुंबिक निर्णयांत त्यांना अधिक वाव मिळण्यास ही कमाई काही अंशी कारणीभूत ठरली.

भेदभाव व विरोध

मे १९७४ मध्ये इम्पीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातील आशियाई कामगारांनी संप पुकारला. बोनससाठी उत्पादनाचे चुकीचे लक्ष्य लावणे आणि बढतीत डावलणे या त्यांच्या तक्रारी होत्या. संप सुमारे तीन महिने चालला, परंतु त्यांच्याच कामगार संघटनेने त्याला अधिकृत पाठिंबा दिला नाही. पुढील वर्षी कारखाना बंद पडला. स्थलांतरविरोधी नॅशनल फ्रंट या पक्षाला १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत शहरात सुमारे १८ टक्के मते मिळाली. त्याच वर्षी संमत झालेल्या वंशसंबंध कायद्याने नोकरी, शिक्षण व निवास यांतील अप्रत्यक्ष भेदभावही बेकायदेशीर ठरवला.

व्यापार व सार्वजनिक जीवन

कारखान्यातील वेतनातून शिल्लक टाकून अनेकांनी पुन्हा दुकाने काढली. बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने, मिठाई व किराणा यांची बाजारपेठ उभी राहिली. हा भाग आज 'गोल्डन माइल' म्हणून ओळखला जातो. येथील दिवाळी भारताबाहेरील मोठ्या दिवाळी उत्सवांमध्ये गणली जाते. बीबीसी रेडिओ लेस्टरने १९७६ मध्ये आशियाई श्रोत्यांसाठी दैनिक कार्यक्रम सुरू केला. बीबीसी एशियन नेटवर्क या वाहिनीची सुरुवात त्यातून झाली.

नंतरचे स्थलांतर

एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधून सोमाली वंशाची कुटुंबे लेस्टरमध्ये आली. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे दमण व दीव येथील लोकही शहरात स्थायिक झाले. याच मार्गाने ब्रिटनमध्ये गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडन शहरात आहे.

२०२१ च्या जनगणनेनुसार लेस्टरची लोकसंख्या सुमारे ३,६८,६०० असून त्यांपैकी ४३.४ टक्के रहिवासी आशियाई वंशाचे आहेत. कोणताही एक वांशिक गट तेथे बहुसंख्य नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या पूर्व भागात हिंदू व मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव निर्माण झाला. त्यानंतर, सामाजिक सलोख्याचे उदाहरण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या शहरात नव्याने आलेले रहिवासी आणि जुने स्थलांतरित यांच्यातील संबंधांची पुन्हा चर्चा झाली.