हजार वर्षांच्या डिस्कचे काय करायचे?

घरातले फोटो आणि व्हिडिओ जपायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यांत जास्त टिकणारे काय आहे? लग्नाची व्हीएचएस कॅसेट, मुंजीची मिनीडीव्ही टेप, मोबाइलमधले हजारो फोटो, सगळे एकदाच एखाद्या पक्क्या वस्तूवर उतरवावे, कपाटात ठेवावे आणि निर्धास्त व्हावे, अशी ही इच्छा आहे. ‘आयुष्य १०० वर्षे’, ‘आयुष्य १००० वर्षे’ असे छापलेल्या डिस्क याच इच्छेवर विकल्या जातात. माझे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. त्यामुळे उत्तर कितीही शास्त्रीय असले तरी घरच्या उपयोगाचे ठरत नाही.

आधी या पक्षाची बाजू नीट मांडू, कारण ती पोकळ नाही. साध्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आरवर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात लिहिले जाते. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर बिघडतो. सीडीचा चकाकणारा धातूचा थर तर लेबलाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, म्हणून तिकडून पडलेला ओरखडा अधिक घातक. पेनड्राइव्ह आणि एसएसडी यांच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळतो. पूर्ण वापरून झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सियसला वर्षभर माहिती धरावी, इतकीच जेडेक या इलेक्ट्रॉनिक्स मानकसंस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र; ते कधीतरी बंद पडणारच. या सगळ्यांपुढे एम-डिस्क वेगळी. तिचा लेखनाचा थर असेंद्रिय आणि दगडासारखा, आणि दावा हजार वर्षांचा.

आता हा हजाराचा आकडा येतो कुठून? कोणी हजार वर्षे वाट पाहिलेली नाही. डिस्क जास्त तापमानात आणि जास्त आर्द्रतेत ठेवतात, चुका किती वेगाने वाढतात ते मोजतात आणि त्यावरून नेहमीच्या हवामानातले आयुष्य गणिताने काढतात. पद्धत मान्य आहे, पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हा थर रासायनिकदृष्ट्या किती काळ तग धरेल? ती डिस्क वाचणारे यंत्र तेव्हा असेल का, घराला आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले तर काय, डिस्कमध्ये काय आहे हे नातवंडांना कळेल का, यांतले काहीही त्या आकड्यात येत नाही. एम-डिस्क काढणारी मिलेनियाटा ही कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली. हजार वर्षांचे वचन देणारी संस्था दहा वर्षेही टिकली नाही. यात डिस्कचा दोष नाही, पण काय आधी संपते ते यावरून दिसते.

यंत्र आधी मरते याचा मोठा दाखला नासाच्या घरातला आहे. १९६६-६७ साली ल्यूनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली आणि ती चुंबकीय टेपांवर साठवली गेली. चाळीस वर्षांनी टेपा शाबूत होत्या, अडचण होती ती वाचणाऱ्या अँपेक्स एफआर-९०० यंत्रांची. ती यंत्रे नॅन्सी एव्हान्स या निवृत्त अभिलेखपालबाईंनी आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली होती. २००८ साली कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातल्या, मॅकडॉनल्ड्सच्या बंद पडलेल्या दुकानात त्यांची डागडुजी करून छायाचित्रे परत मिळवली गेली. नासाला अशी माणसे आणि अशी जागा मिळाली. आपल्या घरच्या कॅसेटसाठी कोण गॅरेज राखून ठेवणार आहे?

घरगुती उदाहरणेही कमी नाहीत. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी समजली जाणारी जपानची फुनाई २०१६ साली त्या धंद्यातून बाहेर पडली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याजोग्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट यांचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची खाच शोधून पाहा, म्हणजे पुढचे कळेल.

‘मग सगळे क्लाउडवर टाकू’ हा दुसरा पूर्वपक्ष. तिथे यंत्राची चिंता कंपनी करते हे खरे. पण ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. म्हणजे खातेदार गेला, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, तर फोटो त्याच्या मागोमाग जाऊ शकतात. क्लाउड ही उत्तम दुसरी किंवा तिसरी प्रत आहे, एकमेव प्रत मात्र नव्हे.

मग टिकते काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. व्यासांच्या हातची पोथी त्यांत नव्हती आणि असण्याची शक्यताही नव्हती. आपल्या हवेत ताडपत्र आणि कागद काही शतकांत संपतात. ग्रंथ राहिला तो दर काही पिढ्यांनी, वेगवेगळ्या गावी, कोणीतरी नक्कल केली म्हणून. यावर आक्षेप येईल की नकलेत चुका शिरतात. त्या चुका निस्तरण्यासाठीच तर संस्थेला अर्धशतक लागले. पण डिजिटल नकलेची गोष्ट निराळी. फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून गणिताने काढलेला ठसा, काढून ठेवला, की नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही ते यंत्र क्षणात सांगते. लेखनिकाला ही सोय नव्हती.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो जड आहे. नक्कल करत राहायला शिस्त लागते, आणि घरे शिस्तीवर चालत नाहीत. बंद पाकिटातली डिस्क कोणाकडून काही मागत नाही. हे मी मान्य करतो, पण अर्धेच. ती डिस्क आज काही मागत नाही, पण तीस वर्षांनी चालू स्थितीतला ड्राइव्ह मागते. दुर्लक्ष खरोखर सोसणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे कागदावर छापलेला चांगला फोटो. आजोबांचा कृष्णधवल फोटो पाहायला फक्त डोळे लागतात. म्हणून हजारोंमधले शंभर-दोनशे फोटो निवडून छापावेत आणि मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहावे. व्हिडिओला मात्र हा मार्ग नाही. त्याला नक्कलच हवी.

व्यवहारात हे फार अवघड नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे गावाबाहेर. चिपळूणच्या घरातली प्रत चिपळुणातच मावशीकडे ठेवली, तर जुलै २०२१ सारखा पूर दोन्ही नेऊ शकतो. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, शक्यतो वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दर चार-पाच वर्षांनी, त्या चालू असतानाच, नव्या साधनावर नक्कल करावी. फोटो जेपेगमध्ये, व्हिडिओ सर्वत्र चालणाऱ्या एमपी४ मध्ये ठेवावा. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो मूळ समजू नयेत. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ते लहान होतात आणि तारखेची नोंद गळते. दिवाळीच्या साफसफाईत डिस्क जोडून एकदा एसएचए-२५६ आकडे ताडून पाहावेत.

या व्यवस्थेत एम-डिस्कलाही जागा आहे. तिच्यावर एकदाच लिहिता येते, त्यामुळे चुकून पुसणे किंवा खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उरलेल्या प्रतींना तो धोका असतो. तिसरी प्रत म्हणून ती खुशाल घ्यावी. मात्र वेष्टनावरच्या आकड्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये. घराने दोनच गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात: पुढची नक्कल कोणत्या साली, आणि ती करणार कोण.