तुळाजीच्या गुराबा आणि पडलेला वारा

सणसवाडीत राहून शिडाच्या जहाजांविषयी लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमच्याकडे समुद्र नाही. पाणी म्हणावे तर कोरेगावची भीमा. पण नगर रस्त्यावरचे नित्याचे दृश्य या विषयाला उपयोगी पडते. रस्ता मोकळा असला की दुचाकी ट्रकच्या बरोबरीने धावते आणि तुंबला की सर्वांच्या पुढे निघून जाते. कोणते जहाज वेगवान, हा प्रश्नही वाऱ्याला विचारल्याशिवाय सुटत नाही.

आजच्या शर्यतीत निरनिराळ्या घाटाच्या होड्या एकत्र उतरल्या, तर प्रत्येकीच्या वेळेला ठरावीक गुणांक लावून मगच विजेता ठरवितात. अठराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर अशी सवलत नव्हती.

आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची सुमारे १५०. लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फार न बुडणारी. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे. त्यावर एक मोठे त्रिकोणी शीड आणि ४०-५० वल्ही. वल्हवून ते ताशी चार मैल जाई. चार मैल म्हणजे माणसाची झपझप चाल! पण वारा पडून इंग्रजी जहाज जागीच खिळले, की हेच चार मैल पुष्कळ होत. गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत आणि तेथून डोलकाठ्यांवर तोफा डागल्या जात. वारा असतानाही ही जहाजे वेगात उणी नव्हती, हे ऑर्मही मान्य करतो.

१७५५च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सुवर्णदुर्गापाशी खरी शर्यत लागली. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. कमोडोर जेम्सचे ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ येताना पाहून तुळाजीच्या आरमाराने समुद्र गाठला. वारा मंद होता. खलाशांनी अडगळ समुद्रात फेकली, होती तेवढी शिडे उभारली, अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटीदेखील वाऱ्याला बांधली! तरीही ‘प्रोटेक्टर’ मागच्या जहाजांच्या तोफेच्या टप्प्यात आले. संध्याकाळ झाली, म्हणून जेम्स परतला.

पण या पाठलागात पेशव्यांची गलबते कोठे होती? तोपर्यंत ती इंग्रजांहून सरस चालत होती. त्या दिवशी मात्र ती इतकी मागे रेंगाळली, की ‘प्रोटेक्टर’ जवळजवळ दृष्टीआड गेले. तेच लाकूड, तीच शिडे, तोच वारा. ऑर्म याचे कारण भय सांगतो. मला दुसरी शंका येते. पेशव्यांच्या गलबतांवरचे खलाशीही याच किनाऱ्याचे असणार आणि पुढे पळत होते ते त्यांचेच शेजारी. शत्रूला गाठण्याची घाई नसेल, तर शीड किती ताणावे हे खलाशालाच ठाऊक.

सुवर्णदुर्ग पडला. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजीचे आरमार बंदरातच होते, जहाजे एकमेकांना बांधलेली. इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’वर एक गोळा पडून आग लागली, आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर जात राहिली. वल्ही मारायलाही कोणाला अवधी मिळाला नाही.